देवदूताच्या पाया का पडायचं नाही

बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण. पात्म बेटावर योहानाला झालेले दृष्टान्त त्यात आहेत. या पुस्तकात एक प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा दोनदा येतो. देवदूत योहानाला पुढचं-मागचं सगळं दाखवतो, योहान भारावून त्याच्या पायांशी लोटांगण घालतो आणि देवदूत त्याला लगेच अडवतो. मीही तुझ्यासारखा सेवकच, वंदन करायचं तर देवाला कर, असं त्याच्या बोलण्याचं सार. एकोणिसाव्या अध्यायात हे एकदा घडतं, बाविसाव्यात पुन्हा. एकदा समज मिळूनही योहान तेच करतो, म्हणजे समोरचं रूप चांगलंच दिपवणारं असणार. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळींना हा मोह खरोखर पडत असावा. कलस्सैकरांस लिहिलेलं पौलाचं पत्रही देवदूतांची उपासना करायला लावणाऱ्यांपासून सावध राहायला सांगतं.

ख्रिस्ती श्रद्धेतल्या देवदूतांची ओळख इथूनच करून घेतलेली बरी. आपल्या परंपरेत देव, गंधर्व, यक्ष, यमदूत अशी मोठी वस्ती आहे आणि तिच्यात वरखाली ये-जा चालते. पुण्य साठलं तर माणूस स्वर्गात जातो, सरलं तर पुन्हा खाली येतो. ख्रिस्ती मांडणीतही पायऱ्या आहेत, पण निर्णायक रेघ एकच. तिच्या पलीकडे फक्त देव, अलीकडे त्यानं निर्माण केलेलं सारं काही. मुंगी, माणूस आणि देवदूत मीखाएल हे तिघंही रेघेच्या अलीकडे. चौथ्या शतकातल्या नायसीन मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, देवाला दृश्य आणि अदृश्य अशा सगळ्याचा कर्ता म्हटलं आहे. त्यातल्या ‘अदृश्य’मध्ये देवदूत येतात. पुढे १२१५ साली रोममधल्या लॅटरन धर्मपरिषदेनं ते आणखी स्पष्ट केलं: आत्मिक सृष्टी आणि भौतिक सृष्टी, दोन्ही देवानं शून्यातून घडवल्या. म्हणजे देवदूत अनादी नाहीत. ते मरत नाहीत एवढंच. त्यांना आरंभ आहे.

मग ते आहेत कशाचे? याचं सगळ्यात चिकाटीचं उत्तर तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसनं दिलं. त्याच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात देवदूतांच्या स्वरूपावर, ज्ञानावर आणि इच्छेवर सलग पंधरा प्रकरणं आहेत. ‘देवदूती आचार्य’ ही त्याची पदवी परंपरेत रूढच झाली. त्याच्या मते देवदूत म्हणजे बुद्धी आणि इच्छा असलेला निखळ आत्मा. शरीर नाही, अगदी सूक्ष्म किंवा तेजोमयसुद्धा नाही. आता एकाच जातीची दोन झाडं वेगळी ठरतात ती त्यांच्यातल्या द्रव्यामुळे; हे द्रव्य इथलं, ते तिथलं. देवदूतांत द्रव्यच नसेल तर एकाच जातीचे दोन देवदूत असणार कसे? थॉमस म्हणतो, असूच शकत नाहीत. प्रत्येक देवदूत ही स्वतःच एक जात. दोन माणसांत असतो त्याहून कितीतरी जास्त फरक मीखाएल आणि गब्रिएल यांच्यात आहे, असा याचा अर्थ होतो. त्याच काळातल्या बोनाव्हेंतुरासारख्या फ्रान्सिस्कन विद्वानांना हे पटलं नाही. देवदूतांतही एक प्रकारचं आत्मिक द्रव्य असतं, असं त्यांचं म्हणणं. हा वाद चर्चनं कधी निकालात काढला नाही, आणि काढायची गरजही नव्हती.

सुईच्या टोकावर किती देवदूत नाचू शकतात, यावर मध्ययुगातले पंडित भांडत बसत, असं आपण सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. तो प्रश्न त्या शब्दांत कुठल्याही मध्ययुगीन ग्रंथात सापडत नाही. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या प्रोटेस्टंट लेखकांच्या थट्टेतून तो पसरला. थॉमसनं विचारलेला खरा प्रश्न असा: एका जागी एकाच वेळी अनेक देवदूत असू शकतात का? त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि कारण दाटीवाटीचं नाही. देवदूत जागा व्यापत नाही. तो जिथे काम करतो तिथे तो ‘असतो’. एका कामाचे दोन पूर्ण कर्ते असू शकत नाहीत, म्हणून एका जागी दोन देवदूत नाहीत.

शरीर नाही तर मग बायबलमध्ये ते चालताना, जेवताना, हात धरून ओढताना कसे दिसतात? उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाच्या तंबूपाशी तिघं पाहुणे येतात आणि त्यानं वाढलेलं वासराचं मांस, दही-दूध खातात. पुढच्या अध्यायात त्यांतले दोघं सदोम नगरात लोटाचा हात धरून त्याला बाहेर काढतात. थॉमसचं उत्तर असं, की ते कामापुरतं रूप धारण करतात. ते रूप त्यांचं शरीर नसतं. तोबीतच्या पुस्तकात हे गोष्टीतूनच सांगितलं आहे. राफाएल हा देवदूत ओळख लपवून तरुण तोबियाचा वाटाड्या होतो. तोबियाचा आंधळा म्हातारा बाप तोबीत राफाएलला चक्क रोजंदारी ठरवून देतो. प्रवासात माशाचं पित्त औषध म्हणून उपयोगी पडतं, म्हाताऱ्याला दृष्टी येते, मुलाचं लग्न लागतं. मजुरी म्हणून अर्धी मिळकत द्यायची वेळ येते तेव्हा राफाएल आपण कोण ते सांगतो आणि जाता जाता हेही सांगून टाकतो की आपलं खाणंपिणं तुम्हाला दिसलं तेवढंच, खरं नव्हतं. बापाला आणि मुलाला त्या घटकेला काय वाटलं असेल! कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये हे पुस्तक आहे. प्रोटेस्टंट त्याला शास्त्र मानत नाहीत, त्यामुळे राफाएलही त्यांच्या श्रद्धेत ठळक नाही.

देवदूतांच्या स्वभावातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट मात्र शरीराची नाही, निर्णयाची आहे. माणूस तुकड्यातुकड्यानं शिकतो. डोळ्यांनी पाहतो, मग तर्क करतो, चुकतो, नवी माहिती मिळाली की मत बदलतो. आपला पश्चात्ताप या अपुरेपणावरच उभा आहे. काल कळलं नव्हतं, आज कळलं. देवदूताला असं पायरी-पायरीनं जावं लागत नाही, तो एखादी गोष्ट जाणतो ती तिच्या सगळ्या परिणामांसकट, एका दमात. म्हणून तो निवड करतो तीही पूर्ण, काहीही हातचं न राखता. अशा निवडीनंतर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही. देवदूतांनी आरंभीच एकदा निवड केली. काही देवाबरोबर राहिले, काहींनी पाठ फिरवली. दोन्ही निवडी कायमच्या. आठव्या शतकातला दमास्कसचा योहान म्हणतो, की माणसाला मरण तसं देवदूताला पतन. त्यानंतर परतीची वाट नाही.

सैतान कुठून आला, याचं ख्रिस्ती उत्तर याच मांडणीत बसतं. देवानं वाईट काही निर्माण केलं नाही. सैतान मुळात चांगलाच घडवला होता, तो आपल्या मर्जीनं बिघडला. लॅटरन परिषदेनं हेही नोंदवलं आहे. त्यामुळे चांगला देव आणि वाईट देव अशी बरोबरीची झुंज या श्रद्धेत नाही. सैतानाचा प्रतिस्पर्धी फार तर मीखाएल. देव नव्हे. मात्र या पतनाची सलग गोष्ट बायबलमध्ये नाही. यशयाच्या चौदाव्या अध्यायातली पहाटताऱ्याच्या पडण्याची उपमा बाबेलच्या राजासाठी आहे. यहेज्केलात सोराच्या राजाचा धिक्कार आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आणि यहूदाच्या पत्रात पाप केलेल्या दूतांचे ओझरते उल्लेख आहेत. प्रकटीकरणात अजगराची शेपटी आकाशातले एकतृतीयांश तारे खाली ओढते. त्यावरून एकतृतीयांश देवदूत पडले असं पुढे लोक म्हणू लागले. हे सुटे धागे जुन्या आचार्यांनी एकत्र विणले. लुसिफर हे नावही त्या पहाटताऱ्याच्या लॅटिन भाषांतरातून उचललेलं आहे. आज सर्वसामान्य वाचकाच्या डोक्यात लुसिफरच्या बंडाची जी भरजरी गोष्ट असते, तिचा मोठा भाग इंग्रज कवी मिल्टनच्या १६६७ सालच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’चा आहे. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताला तर वाटत होतं, की शेवटी सगळेच जीव देवाकडे परततील. पतित आत्म्यांनाही आशा ठेवणारं हे मत सहाव्या शतकात धिक्कारलं गेलं.

आता माणसाचं स्थान पाहा. बुद्धीनं, बळानं, आयुष्यानं देवदूत माणसाच्या वर आहेत, याबद्दल शंका नाही. तरीही ख्रिस्ती तारणकथेत मधली जागा माणसाला आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे, की ख्रिस्त देवदूतांच्या नव्हे, अब्राहामाच्या वंशजांच्या मदतीला आला. देव माणूस झाला; देवदूत झाला नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर देवदूतांना या गोष्टीत डोकावून बघायची उत्कंठा असल्याचं लिहिलं आहे. आणि पौल करिंथकरांना विचारतो, आपण देवदूतांचाही न्याय करणार आहोत, हे तुम्हाला ठाऊक नाही का? यातून आणखी एक गोष्ट ओघानं येते. माणूस मेल्यावर देवदूत होतो, लहान मूल गेलं की देवाला एक नवा देवदूत मिळतो, असं सांत्वनाला बोललं जातं, शोकसंदेशांत छापलंही जातं. चर्चची शिकवण तशी नाही. पुनरुत्थित माणसं देवदूतांसारखी असतील, त्यांच्यात लग्नं होणार नाहीत, असं येशू सदूकी पंथाच्या यहुद्यांना सांगतो, पण ‘सारखी’ म्हणजे तीच नव्हे. माणूस शेवटपर्यंत शरीरासह माणूसच राहायचा आहे. (हे सदूकी देवदूतांचं अस्तित्वच नाकारत, येशूनं त्यांना देवदूतांचाच दाखला द्यावा, यात थोडा खट्याळपणा असणार.)

देवदूतांचं पहिलं काम निरोपाचं नाही, स्तुतीचं आहे. यशया संदेष्ट्याला मंदिरात सराफीम हे देवदूत दिसतात. सहा पंख; दोहोंनी तोंड झाकलेलं, दोहोंनी पाय, दोहोंनी उडत आहेत, आणि देवाच्या पावित्र्याचा तिहेरी घोष चालला आहे. मिस्सा या कॅथलिक उपासनेत भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याच्या मुख्य प्रार्थनेआधी तोच घोष सगळे भाविक म्हणतात. त्याआधी धर्मगुरू देवदूतांच्या गायनात आपला सूर मिसळण्याचं आवाहन करतात. ती नुसती काव्यमय सजावट नाही. वसईच्या एखाद्या गावात रविवारी सकाळी चाललेली उपासना आणि स्वर्गात चाललेली उपासना एकच आहे, असा तिथला शब्दशः दावा आहे.

निरोपाचं काम संख्येनं थोडं, पण वजनानं मोठं. लूकच्या शुभवर्तमानात गब्रिएल दोनदा येतो. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून याजक जखऱ्या शंका काढतो आणि मूल जन्मेपर्यंत त्याची वाचा जाते. येशूच्या जन्माचा निरोप ऐकून मरीयाही विचारते, हे कसं होणार? पण तिला उत्तर मिळतं. मग तिचा होकार येतो आणि दूत निघून जातो. घटकाभर गप्पा नाहीत, पुन्हा येणं नाही. आंजेलस या प्रार्थनेची घंटा सकाळी, दुपारी, संध्याकाळी वाजते ती याच भेटीच्या आठवणीची, आणि रोझरीत पुन:पुन्हा म्हटल्या जाणाऱ्या मरीयेच्या प्रार्थनेचा आरंभ गब्रिएलच्या अभिवादनातूनच घेतलेला आहे. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापलं गेलं, तेव्हापासून गब्रिएल मराठी ओवीतही आहे.

जुन्या करारात मात्र निरोप्या आणि निरोप धाडणारा यांच्यातलं अंतर काही ठिकाणी अंधूक होतं. रानात हागार या दासीला भेटणारा, जळत्या झुडपातून मोशेला दिसणारा ‘परमेश्वराचा दूत’ बोलायला लागतो ते थेट देव म्हणूनच. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाला त्यात मानव होण्यापूर्वीचा ख्रिस्त दिसला. पुढे आचार्य ऑगस्टीननं सांगितलं, की तो निर्माण केलेला दूतच, फक्त धन्याच्या वतीनं बोलणारा. दोन्ही वाचनं आजही चालू आहेत.

तिसरं काम राखणीचं, आणि भाविकांच्या जवळचं. मत्तयच्या अठराव्या अध्यायात येशू लहानग्यांच्या देवदूतांविषयी बोलतो. प्रेषितांच्या कृत्यांत तुरुंगातून सुटलेला पेत्र दार ठोठावतो तेव्हा घरातल्यांना वाटतं, हा पेत्र नसून त्याचा देवदूत असावा. प्रत्येकामागे एक राखणदार असतो ही समजूत त्या घरात आधीच रुळलेली दिसते. कॅथलिक शिकवणीनुसार हा रक्षक दूत माणसाला जन्मभर साथ देतो. २ ऑक्टोबर हा त्यांचा स्मरणदिन. थॉमस म्हणतो, राखण जन्मापासून सुरू होते, बाप्तिस्म्यापासून नव्हे, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्यांनाही ती आहेच. रक्षक दूत करतो काय, तर मनात विचार सुचवतो, कल्पनेला वळण देतो, धोका टाळायला मदत करतो. माणसाची इच्छा मात्र तो फिरवू शकत नाही. तिथे फक्त देवाचा शिरकाव आहे.

ही राखण म्हणजे विमा पॉलिसी नव्हे. देव आपल्या दूतांना तुला हातांवर झेलायला सांगेल, अशा अर्थाचं वचन स्तोत्र ९१ मध्ये आहे. शुभवर्तमानात ते वचन कोण उद्धृत करतं? सैतान. मंदिराच्या शिखरावर येशूला उभं करून तो म्हणतो, मार उडी, शास्त्रात लिहिलंच आहे. येशू उडी मारत नाही. सैतान निघून गेल्यावर मग देवदूत येऊन त्याची सेवा करतात.

श्रेणींचा विषय मात्र थोडक्यात आटोपतो, कारण त्यात श्रद्धेपेक्षा रचनेची हौस जास्त आहे. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास एका लेखकानं पौलाचा अथेन्समधला शिष्य दिओनुस्य याच्या नावानं लिहून देवदूतांच्या नऊ श्रेणी लावल्या: सराफीम, करूबीम, सिंहासनं असं करत खाली आद्यदूत आणि दूत. नावं बायबलमधली, उतरंड त्याची. या रचनेत आद्यदूत शेवटून दुसरे येतात, आणि आद्यदूत मीखाएल तर स्वर्गीय सेनेचा नायक! अभ्यासकांनी ही गाठ सोडवायला बरीच शाई खर्च केली. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिननं अशा उतरंडींना पोकळ बडबड ठरवून बाजूला सारलं. मला त्याचं म्हणणं पटतं, तरी दांतेच्या ‘पॅराडिसो’तला नऊ वर्तुळांचा स्वर्ग या रचनेशिवाय उभा राहिला नसता, हेही खरं.

चित्रांतल्या देवदूतांबद्दलही दोन शब्द. निरोप घेऊन येणाऱ्या दूतांना पंख असल्याचं बायबल सहसा सांगत नाही; म्हणून तर ते माणसांत मिसळू शकतात. रोममधल्या प्रिसिला भूमिगत दफनस्थळातल्या जुन्या भित्तिचित्रात मरीयेपुढचा दूत बिनपंखांचा मानला जातो. पंख आले ते चौथ्या शतकाच्या शेवटी, बहुधा ग्रीक-रोमन विजयदेवतेकडून. आणि गोव्यातल्या जुन्या चर्चच्या सोनेरी वेद्यांवर दिसणारी गुबगुबीत गालांची पंखधारी बाळं युरोपच्या प्रबोधनकाळानं रोमन मदनाच्या मूर्तींवरून घेतली. या बाळांना करूब म्हणतात, पण यहेज्केलातले करूब चार तोंडांचे आहेत: माणूस, सिंह, बैल आणि गरुड. एदेन बागेच्या वाटेवर जळत्या तलवारीसह पहारा देतात ते हेच. त्यांना बाळसं कसं चढलं, हा कलेच्या इतिहासाचा विनोदच.

उरतो व्यवहाराचा प्रश्न. देवदूतांकडे मागणं मागावं का? कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स म्हणतात, उपासना नको, पण आमच्यासाठी देवाकडे विनंती करा, असं त्यांना म्हणायला हरकत नाही. मीखाएल, गब्रिएल आणि राफाएल यांचा एकत्रित सण २९ सप्टेंबरला असतो. माहीम, वसईतलं माणिकपूर आणि गोव्यातलं हणजूण इथली चर्चं सेंट मायकलच्याच नावाची आहेत. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स ८ नोव्हेंबर पाळतात. प्रोटेस्टंट देवदूत मानतात, पण त्यांना हाक मारत नाहीत, हाक फक्त देवाला. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरनं १५२९ साली घरोघरी म्हणण्यासाठी लिहिलेल्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनांत देवदूत आहे, पण तो सोबत असावा अशी विनवणी थेट देवाला केलेली आहे.

नावांबाबत तर रोमचं चर्च फार काटेकोर आहे. ७४५ साली रोममध्ये भरलेल्या सभेपुढे अदाल्बर्ट नावाच्या फिरत्या धर्मगुरूची प्रार्थना वाचली गेली, तीत उरिएल, रागुएल अशी बरीच नावं होती. सभेनं ती निषिद्ध ठरवली: शास्त्रातून आम्हाला तीनच नावं ठाऊक आहेत. इथिओपियातलं ऑर्थोडॉक्स चर्च उरिएलचं नाव असलेलं हनोखचं पुस्तक शास्त्र मानतं, म्हणून तिथे उरिएलचा सण थाटात होतो. रोमनं भूमिका बदललेली नाही. २००१ साली व्हॅटिकननं लोकभक्तीविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही मीखाएल, गब्रिएल, राफाएल सोडून देवदूतांना नावं देण्याच्या प्रथेला नापसंती दाखवली आहे. त्यामुळे आपल्या रक्षक दूताचं नाव काय, असं बालवर्गातल्या मुलानं विचारलं, तर धर्मशिक्षण देणाऱ्या बाईंचं बरोबर उत्तर एकच: नाव आपल्याला सांगितलेलं नाही, आणि ठेवायचंही नाही.